बिदरी काम

बिदरी काम ही जस्ताच्या मिश्रधातूपासून ओतलेल्या वस्तूंवर चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसविण्याची दख्खनमधील जडावकला आहे. कर्नाटकातील बीदर या शहरावरून तिला हे नाव मिळाले. काळ्याभोर, मंद तकाकी असलेल्या पृष्ठभागावर उठून दिसणारी उजळ चांदीची नक्षी ही या वस्तूंची ओळख होय. हा काळा रंग वरून दिलेला नसतो. जडाव पूर्ण झाल्यानंतर विशिष्ट मातीचा लेप लावून तो धातूच्या पृष्ठभागातच उत्पन्न केला जातो. तोपर्यंत वस्तू आणि तिच्यावरील नक्षी दोन्ही पांढरट रंगाची असल्यामुळे केलेले काम डोळ्यांना जेमतेम दिसते. बिदरी कामाचे वैशिष्ट्य, त्याची अवघड बाजू आणि त्याच्या भवितव्याची चिंता या तिन्ही गोष्टी या शेवटच्या टप्प्याशी निगडित आहेत.

नाव आणि प्रदेश

मराठी वाचकाला बीदरचे नाव बहुधा दामाजीपंतांच्या कथेतून परिचित असते. मंगळवेढ्याची धान्याची कोठारे दुष्काळात लोकांसाठी खुली करणाऱ्या दामाजीपंतांचे देणे विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बीदरच्या बादशहाकडे भरले, अशी ती कथा आहे. बहमनी सुलतान अहमदशहा पहिला (राज्यकाळ १४२२–१४३६) याने आपली राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला हलविली. त्यानंतर बहमनी, बरीदशाही, आदिलशाही, मोगल आणि आसफजाही अशा सत्ता या शहरावर आल्या.

हैदराबाद संस्थानात बीदर हा मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या भाषा एकत्र नांदणारा जिल्हा होता. परभणी, नांदेड, बीड, औरंगाबाद आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे जिल्हेही याच संस्थानात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा बीदर शहर म्हैसूर राज्यात गेले. जुन्या बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे मराठीभाषक तालुके मुंबई राज्यात आले. ते आज लातूर जिल्ह्यात आहेत. बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण या भागांत आजही मराठी बोलली जाते. परभणीहून परळी वैजनाथ, लातूर रोड आणि उदगीर या मार्गाने लोहमार्ग बीदरला जातो. राज्याची सीमा मध्ये आली, तरी बिदरी काम हा मराठवाड्याच्या सांस्कृतिक शेजारातला, काही अंशी मराठवाड्यातलाच वारसा आहे.

उगम : परंपरा आणि पुरावा

कारागिरांच्या परंपरेनुसार ही कला इराणमधून आली. अहमदशहाच्या बोलावण्यावरून अब्दुल्ला बिन कैसर नावाचा इराणी कारागीर बीदरला आला आणि त्याने स्थानिक कारागिरांच्या साहाय्याने हे काम सुरू केले, असे सांगितले जाते. बहमनी दरबारात इराणी विद्वान, सैनिक आणि कसबी यांची मोठी ये-जा होती आणि खुरासान व मोसूल येथे पितळेवर चांदी जडविण्याची कला त्यापूर्वीच विकसित झालेली होती. त्यामुळे या परंपरेला अनुकूल अशी पार्श्वभूमी आहे.

मात्र ज्ञात असलेल्या बिदरी वस्तूंपैकी सर्वांत जुन्या वस्तू साधारणतः सतराव्या शतकाच्या आरंभापासूनच्या मानल्या जातात. या वस्तूंत हुक्क्याच्या बैठकींचे प्रमाण मोठे आहे. तंबाखू दख्खनमध्ये पोर्तुगिजांमार्फत पोहोचली आणि मोगल दरबारात तर ती विजापूरहून १६०४-०५ च्या सुमारास प्रथम नेण्यात आली. त्यामुळे हुक्क्याची कोणतीही बैठक बहमनी काळात नेता येत नाही. पंधराव्या शतकातील उगमाची कथा आणि सतराव्या शतकातील वस्तू यांमधील अंतर लक्षात ठेवूनच या कलेचा इतिहास वाचावा लागतो.

बीदरमध्ये जडावाची आवड मात्र जुनी होती, याचा पुरावा किल्ल्यातील रंगमहालात दिसतो. सोळाव्या शतकात अली बरीदशहाच्या काळात सजविलेल्या या महालात काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे बसवून नक्षी व अक्षरलेखन केलेले आहे. गडद भूमीवर उजळ द्रव्य बसविण्याची ही दृष्टी बिदरी कामाच्या दृष्टीशी जुळणारी आहे.

मिश्रधातू

बिदरी वस्तू प्रामुख्याने जस्ताच्या असतात. बीदरमध्ये सामान्यतः सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबे असे प्रमाण सांगितले जाते. म्हणजे तांबे सुमारे सहा टक्के भरते. जुन्या वस्तूंत थोडे शिसे व कथीलही आढळते.

जस्ताची निवड विचारपूर्वक केलेली दिसते. हा धातू सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळतो, त्यामुळे साध्या भट्टीवर तो ओतता येतो आणि छिन्नीने कोरण्याइतका तो मऊही असतो. परंतु खनिजापासून जस्त मिळविणे फार कठीण असते, कारण ते ९०७ अंशांना उकळते आणि भट्टीतून वाफ होऊन निघून जाते. ही वाफ बंद मुशीत थंड करून जस्त मिळविण्याची रीत राजस्थानातील जावर येथील खाणींत मध्ययुगातच मोठ्या प्रमाणावर प्रचारात होती. धातुशास्त्राच्या इतिहासात जावरला मोठे स्थान आहे. जस्त हा मुख्य धातू मानून त्याच्या कलावस्तू घडविणारी बिदरी कामासारखी परंपरा जगात विरळाच.

तांब्याचा अल्प अंशही आवश्यक असतो. तो नसेल, तर अखेरच्या लेपाने येणारा गडद व टिकाऊ काळा रंग निव्वळ जस्तावर तसा येत नाही.

निर्मितीची प्रक्रिया

एक वस्तू तयार होण्यासाठी तिला ओतारी, कोरणी करणारा, जडाव करणारा आणि घासकाम करणारा अशा अनेक हातांतून जावे लागते. लहान कारखान्यात एकच कारागीर यांपैकी दोन-तीन कामे करतो.

ओतकाम : चाळलेल्या मातीत एरंडेल तेल व राळ मिसळून ती मळतात आणि तिचा साचा करतात. वितळलेला मिश्रधातू त्यात ओततात. वस्तू निघाल्यावर तिचा पृष्ठभाग कानशीने आणि नंतर घासकागदाने गुळगुळीत करतात.

आखणी : पांढरट धातूवर बारीक रेघ दिसत नाही. म्हणून वस्तूवर मोरचुदाचे पाणी फिरवून तिला तात्पुरता काळा रंग देतात. या रंगावर टोकदार लेखणीने हातानेच नक्षी आखतात. अनुभवी कारागीर गोल पात्रावरही मोजमापाच्या साधनांशिवाय वेलीची वळणे बरोबर जुळवून आणतो.

कोरणी : आखलेल्या रेघांवर बारीक छिन्न्या आणि हलकी हातोडी यांनी खाचा पाडतात. तारेसाठी अरुंद व पत्र्यासाठी रुंद आणि सपाट खाच लागते. खाच उथळ राहिली तर चांदी सुटते. अधिक खोल गेली तर पातळ भिंतीची वस्तू छेदली जाते. जस्ताचे ओतकाम ठिसूळ असल्याने जोराच्या एका घावाने आधीचे सर्व काम वाया जाऊ शकते.

जडाव : शुद्ध चांदीची तार किंवा आकारात कापलेला पत्रा खाचेत ठेवून हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी बसवितात. यात डाक देत नाहीत, की कोणताही चिकट पदार्थ वापरत नाहीत. मऊ चांदी खाचेत पसरते आणि खाचेच्या कडांनी पकडून धरली जाते. पूर्वी काही वस्तूंत पितळ आणि क्वचित सोनेही वापरले जाई.

घासकाम : जडावानंतर वस्तू पुन्हा घासून गुळगुळीत करतात. या घासण्यात आखणीसाठी दिलेला तात्पुरता काळा रंग निघून जातो. आता पांढऱ्या जस्तावर पांढरी चांदी राहते आणि नक्षी जवळजवळ अदृश्य होते.

काळा रंग : वस्तू मंद आचेवर तापवितात. बीदरच्या जुन्या किल्ल्यातील माती व नवसागर पाण्यात कालवून केलेला लेप तिच्यावर चोळतात. थोड्याच वेळात जस्ताचा मिश्रधातू गडद काळा पडतो. चांदीवर मात्र लेपाचा परिणाम होत नाही. वस्तू पाण्याने धुऊन, पुसून तिच्यावर तेलाचा हात फिरविला, की काळा रंग अधिक खोल दिसू लागतो. अनेक दिवसांच्या श्रमाचे फळ अशा रीतीने अखेरच्या काही क्षणांत प्रकट होते. कोरणीत राहिलेला दोषही त्याच क्षणी उघडा पडतो.

किल्ल्यातील माती

बिदरी कामासंबंधी सर्वाधिक कुतूहल या मातीविषयी असते. किल्ल्याच्या जुन्या, बंदिस्त भागांतील, शेकडो वर्षे ऊन-पाऊस न लागलेली माती कारागीर निवडतात. ती योग्य आहे की नाही, हे ते जिभेवर चव घेऊन ठरवितात.

या रीतीमागील कारण रसायनशास्त्राच्या आधारे समजून घेता येते. जुन्या वास्तूंच्या आडोशाच्या मातीत सोरा, म्हणजे नायट्रेट क्षार, साठत जातात. हे क्षार पाण्यात सहज विरघळत असल्यामुळे पाऊस लागणाऱ्या उघड्या जमिनीतून ते वाहून जातात, तर छताखाली टिकून राहतात. सोऱ्याला खारट व थंडावा देणारी चव असते. जिभेने केलेली पारख ही म्हणजे एक प्रकारे क्षारांची परीक्षाच होय. नवसागर आणि हे क्षार मिळून मिश्रधातूच्या पृष्ठभागातील जस्त काही अंशी काढून टाकतात आणि तांब्याच्या संयुगांनी युक्त असा काळा थर मागे ठेवतात. चांदी या क्रियेत सापडत नाही.

बेंजामिन हाइन याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बीदरच्या कामाचे वर्णन लिहिले. त्या काळातील वर्णनांत लेपासाठी नवसागर आणि सोरा यांचाच उल्लेख येतो. बीदरपासून फार दूर असलेल्या केंद्रांतही काळा रंग साधला जात असे. यावरून माती ही चमत्कारिक वस्तू नसून योग्य क्षारांचे एक नैसर्गिक भांडार आहे, असे म्हणता येते. तथापि ती कोठे मिळेल, कशी ओळखावी, किती नवसागर घालावा आणि वस्तू किती तापवावी, हे ज्ञान पुस्तकांपेक्षा कारागिरांच्या हातांत आणि जिभेत राहिलेले आहे.

जडावाचे प्रकार

तारकशी : खाचांत तार बसवून केलेले रेखाप्रधान काम.

तहनिशान : खोलगट खाचेत चांदीचा पत्रा बसवून तो पृष्ठभागाशी समतल केलेले काम.

जरनिशान : पत्रा पृष्ठभागापासून किंचित उंच ठेवलेले काम.

जरबुलंद : पत्र्याखाली भर देऊन नक्षीला ठळक उठाव दिलेले काम.

आफ्ताबी : मोठ्या पत्र्यातून फुलापानांचे आकार कापून काढून पत्रा बसविलेले काम. यात चांदीची भूमी उजळ आणि नक्षी काळी दिसते.

पोलादी शस्त्रांवर केली जाणारी कोफ्तगिरी ही याहून भिन्न आहे. तिच्यात पृष्ठभाग केवळ खरखरीत करून त्यावर सोन्याचांदीची तार दाबली जाते. बिदरी कामाप्रमाणे खाच कोरलेली नसते.

वस्तू आणि नक्षी

हुक्क्याची बैठक, पानदान, पिकदाणी, सुरई, आफ्ताबा, चिलमची, अत्तरदाणी, तबके, पलंगाचे पाय आणि गालिच्याची टोके उडू नयेत म्हणून ठेवायची वजने ही बिदरी कामाची जुनी रूपे होत. सतराव्या शतकातील हुक्क्याची बैठक बहुधा गोलाकार, तर अठराव्या शतकातील घंटेच्या आकाराची असते. या फरकामुळे वस्तूचा काळ ठरविण्यास मदत होते.

नक्षीत वेलबुट्टी, खसखशीच्या फुलांची रोपे, अशर्फी बुट्टी, भौमितिक जाळी आणि अरबी-फारसी अक्षरे आढळतात. एकेक फुलझाड स्वतंत्र चौकटीत दाखविण्याच्या पद्धतीत मोगल कलेचा प्रभाव दिसतो. आज फुलदाण्या, पेट्या, गळ्यातील पदके, कर्णफुले, गुंड्या आणि लेखणीची घरे अशा लहान वस्तूंना अधिक मागणी आहे.

अन्य केंद्रे

हैदराबाद, बिहारमधील पूर्णिया, बंगालमधील मुर्शिदाबाद आणि लखनौ येथेही बिदरी काम होत असे. मराठवाड्यातील केंद्र म्हणजे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर. हिमरू व पैठणी यांच्याबरोबर तेथील बिदरी वस्तूही प्रसिद्ध असून त्यांवर अजिंठ्याच्या चित्रांतील आकृती व फुले उतरविलेली आढळतात. दख्खनी परंपरेच्या वेलबुट्टीशेजारी अजिंठ्याचे कमळ येणे ही या केंद्राची स्वतंत्र खूण मानता येईल.

जगातील एक समांतर परंपरा

कोरून भरण्याची ही रीत धातूपुरती मर्यादित नाही. कोरियातील गोर्यो राजवटीत (९१८–१३९२) सेलाडॉन या हिरवट झिलईच्या मृत्पात्रांवर बाराव्या शतकात तीच दृष्टी वेगळ्या द्रव्यात अवतरली. तेथे ती सांगगाम या नावाने ओळखली जाते. अर्धवट सुकलेल्या पात्रावर नक्षी कोरीत, खाचांत पांढरी व लोहयुक्त तांबूस माती भरीत, वरची माती खरवडून काढीत आणि पात्र एकदा भाजून, झिलई देऊन पुन्हा भाजीत. भट्टीत हवा कमी ठेवल्याने झिलईतील अल्प लोहामुळे करडा-हिरवा रंग येई आणि तांबूस माती काळी होई. अशा रीतीने हिरव्या झिलईखाली पांढरे करकोचे, ढग आणि काळ्या रेषा दिसू लागत. गांगजिन व बुआन ही या पात्रांची प्रमुख केंद्रे होती.

इ. स. ११२३ मध्ये कोरियाला आलेल्या शू जिंग या चिनी दूताने तेथील सेलाडॉनच्या रंगाची प्रशंसा लिहून ठेवली, परंतु जडावाचा उल्लेख केला नाही. ११५९ मध्ये निधन पावलेल्या मुन गोंग-यू याच्या थडग्यात मात्र जडावाचे पात्र सापडले. या दोन नोंदींवरून ही रीत केव्हा रूढ झाली, याचा अंदाज करता येतो. गोर्यो काळातच लाखकामात शिंपला जडविण्याची कलाही भरभराटीस आली होती. बीदरच्या रंगमहालाची आठवण व्हावी असेच हे उदाहरण आहे.

या दोन परंपरांत प्रत्यक्ष संबंध असल्याचे मानण्यास आधार नाही. साम्य आहे ते पद्धतीत. दोन्हींत अंतिम रंग शेवटच्या प्रक्रियेपर्यंत लपलेला असतो आणि कारागिराला तो मनात धरूनच काम करावे लागते. फरक द्रव्याच्या स्वभावाचा आहे. मातीत भरलेली माती भट्टीत पात्राबरोबर सारख्या प्रमाणात आकसली पाहिजे, अन्यथा तडा जातो; बिदरी कामात चांदी केवळ ठोक्याने व पकडीने टिकते. तेराव्या शतकात १२३१ पासून झालेल्या मंगोल स्वाऱ्या आणि पुढील राजकीय बदल यांत गोर्यो सेलाडॉनचा दर्जा घसरत गेला व चौदाव्या शतकाच्या अखेरीस ती परंपरा लयाला गेली. विसाव्या शतकात कोरियातील कुंभारांनी जुन्या भट्ट्यांचे अवशेष व खापरे अभ्यासून ती प्रयत्नपूर्वक पुन्हा उभी केली. हाताचे ज्ञान एकदा तुटले, तर ते परत मिळविण्यास किती शोध घ्यावा लागतो, हे यावरून दिसते.

ओळख आणि निगा

अस्सल बिदरी वस्तू आकाराच्या मानाने जड लागते, कारण जस्त ॲल्युमिनियमच्या अडीच पटींहून अधिक घन असते. काळा रंग दिलेल्या हलक्या धातूच्या नकलेत रंगाचे पोपडे निघू शकतात. अस्सल वस्तूत असा रंगाचा लेप नसतो. बोट फिरविले असता समतल जडावाची कड लागत नाही.

चिंच, लिंबू किंवा धातूची भांडी घासण्याची भुकटी या वस्तूंवर वापरू नये. आम्लाने जस्त झिजते आणि काळा थर नाहीसा होतो. मऊ कापडाने पुसून अधूनमधून खोबरेल तेलाचा हलका हात देणे पुरेसे असते. वस्तू ठिसूळ असल्याने उंचावरून पडल्यास मोडते.

सद्यस्थिती

लंडन येथे १८५१ मध्ये भरलेल्या महाप्रदर्शनात बिदरी वस्तू मांडल्या गेल्या आणि युरोपात त्यांची प्रसिद्धी झाली. हैदराबादचे सालारजंग संग्रहालय, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय यांत जुन्या वस्तू पाहावयास मिळतात. बीदरच्या बिदरी कामाला २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री हा सन्मान जाहीर झाला.

हे सन्मान मिळाले, तरी व्यवसायापुढील अडचणी कायम आहेत. चांदीचे वाढते भाव कारागिराला थेट भोवतात, कारण माल विकण्याआधी ती विकत घ्यावी लागते. हुक्का, पानदान, पिकदाणी या वस्तू रोजच्या वापरातून गेल्याने मोठ्या व गुंतागुंतीच्या कामाचे प्रसंग कमी झाले. जरबुलंद किंवा आफ्ताबीसारखे वेळखाऊ प्रकार किल्लीच्या साखळीवर करता येत नाहीत. लहान वस्तूंनी पोट भरते, पण मोठे कौशल्य सरावाविना राहते.

भौगोलिक मानांकन नावाचे संरक्षण करते. हाताचे कसब पुढील पिढीकडे पोहोचविणे हे त्याच्या कक्षेत येत नाही. किल्ल्यातील मातीचे पृथक्करण प्रयोगशाळेत होऊ शकते आणि तिच्यातील क्षारांची यादीही करता येते. पांढऱ्या धातूवरील पांढरी नक्षी डोळ्यांना दिसत नसताना ती पूर्ण करणारा हात मात्र वर्षानुवर्षांच्या शिक्षणानेच तयार होतो. म्हणून संग्रहालयांतील वस्तूंच्या जतनाइतकेच नव्या शिकाऊ कारागिरांना काम व योग्य मोबदला मिळणे या कलेच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.